निक्सी ट्यूब : संग्रह आणि बनावटीतील भेद

निऑन वायूच्या दीप्तीने अंक दाखवणारी काचेची ट्यूब. अमेरिकेतील बरोज कंपनीने ती १९५५ मध्ये बाजारात आणली. ‘न्यूमेरिक इंडिकेटर एक्सपेरिमेंटल नंबर १’ या लांबलचक नावाचे आधी ‘निक्स १’ आणि मग निक्सी झाले, असे सांगतात. व्होल्टमीटर, फ्रिक्वेन्सी काउंटर आणि सुरुवातीचे कॅल्क्युलेटर यांत ती सर्रास असे. १९७० च्या दशकात एलईडीने तिला हटवले आणि उरलेला माल हळूहळू संग्राहकांकडे आला.

तिच्यात तापणारी तार नसते. ० ते ९ या आकारांचे दहा कॅथोड (ऋणाग्रे) एकामागे एक उभे असतात, त्यांच्याभोवती बारीक जाळीचा ॲनोड (धनाग्र). सुमारे १७० व्होल्ट दिले की जोडलेल्या अंकाभोवती नारिंगी प्रकाशाची साय धरते. पुढच्या अंकाने मागच्याला कमीत कमी झाकावे म्हणून त्यांचा क्रम मोजणीपेक्षा वेगळा असतो. त्यामुळे आकडा बदलताना तो कधी काचेजवळ येतो, कधी आत जातो.

संग्राहकांचा जीव अडकतो तो बनावटीतल्या फरकांत. सोव्हिएत आयएन-१२ मधला ५ म्हणजे चक्क पालथा घातलेला २. त्याची मान सरळ उतरत नाही, तिरकी घसरते. एका आकारात दोन अंक भागवण्याची ही काटकसर असावी. एकदा ती नजरेत आली की दुसरे काही दिसतच नाही. याच ट्यूबच्या ‘बी’ प्रकारात दशांशासाठी स्वल्पविराम असतो. आयएन-१८ चे अंक ४० मिलिमीटर उंच, पूर्व जर्मनीच्या झेड-५६८-एम चे ५०. या दोन्हींना मागणी मोठी. बरोजच्या बी-७९७१ मध्ये मात्र अंकांची रास नाही. सुट्या रेषाखंडांतून अक्षरेही उमटतात.

अनेक युरोपीय ट्यूबांच्या काचेवर तांबडा लेप असतो. उजेडातही अंक ठळक वाचता यावा, हा त्याचा हेतू. घड्याळे बनवणारे काही जण तो काढून टाकतात. संग्रहाच्या दृष्टीने मग ती ट्यूब अर्धी मेलीच. कॅथोडची झीज कमी व्हावी म्हणून पुष्कळ ट्यूबांत किंचित पारा घालत. अंकाभोवती निळसर झाक दिसली तर ती त्याची खूण.

जुन्या यंत्रातून काढलेली ट्यूब घेताना दहाही अंक पेटवून पाहावेत. जो अंक वर्षानुवर्षे पेटलाच नाही, त्यावर शेजारच्या कॅथोडमधून उडालेल्या धातूचे पुट चढते आणि तो तुकड्यातुकड्यांत उजळतो. याला ‘कॅथोड पॉयझनिंग’ म्हणतात. तोच अंक काही तास जास्त प्रवाहावर पेटता ठेवला तर पुट बऱ्याचदा निघून जाते. काचेला तडा जाऊन आत हवा शिरली असेल, तर मात्र उपाय नाही. अशा ट्यूबमधला गेटरचा, म्हणजे नको असलेले वायू शोषणाऱ्या धातूच्या थराचा, चंदेरी डाग पांढरा पडलेला असतो.