कर्जतचा एस, स्लोचा एस

दादरला मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर कधीकधी एकाच ओळीत दोन एस दिसतात. पहिला एस म्हणजे कर्जत, दुसरा म्हणजे स्लो. कल्याणच्या पुढे लाइन फुटते, उत्तरेकडच्या फाट्यावरच्या कसाऱ्याला एन आणि दक्षिणेकडच्या कर्जतला एस. रोजच्या प्रवाशाला हे कुणी शिकवलेलं नसतं. कुठल्या जागी आलेल्या अक्षराचा काय अर्थ, हे डोळ्यांना पाठ असतं. हीच ओळ एखाद्या अ‍ॅपला द्यायची म्हटली की पंचाईत होते, कारण अ‍ॅप कधी दादरला उभं राहिलेलं नसतं.

ठाण्यात आम्ही चौघं हौसेखातर लोकलच्या वेळापत्रकाचा एक छोटा सर्व्हर चालवतो. तो ग्राफक्यूएलवर आहे, म्हणजे अ‍ॅपने सर्व्हरकडून नेमकी हवी तेवढी माहिती मागायच्या भाषेवर. स्कीमा, म्हणजे कुठली माहिती कुठल्या रूपात मिळेल याचा आराखडा, बांधायला ग्राफक्यूएल-जेएस ही लायब्ररी वापरली आहे. नवीन येणाऱ्या मुलांसाठी या लायब्ररीच्या टाइप विभागाचं (टाइप म्हणजे माहितीचा प्रकार) मराठी डॉक्युमेंटेशन लिहायला घेतलं, तेव्हा लक्षात आलं की हे टाइप असेच का, हे सांगितल्याशिवाय नुसती यादी कोरडी पडते. म्हणून ही पार्श्वभूमी.

दोन यंत्रांनी एकमेकांना काय पाठवायचं हे आधी लिहून ठरवायची कल्पना जुनी आहे. २००१ साली वेबवरच्या सेवांचं वर्णन लिहायचं डब्ल्यूएसडीएल १.१ आलं. त्यात सेवेचा प्रत्येक निरोप, त्यातला प्रत्येक टाइप एक्सएमएलमध्ये बांधून ठेवलेला असायचा. काटेकोर होतं, पण माणसाने वाचायचं म्हणजे शिक्षा. त्याच्या आदल्या वर्षी रॉय फील्डिंग यांच्या प्रबंधातून रेस्ट हा शब्द आला होता, म्हणजे प्रत्येक गोष्टीला वेबचा एक पत्ता देऊन माहिती मागायची पद्धत. पुढे लोकांनी एक्सएमएल सोडून जेसन ही माहिती लिहायची सुटसुटीत पद्धत धरली आणि टाइपची कटकट सुटली म्हणून सुटकेचा श्वास टाकला. कटकट सुटली नव्हती, ती नुसती सर्व्हरमधून उठून कुणाच्या तरी वर्ड फाइलमध्ये जाऊन बसली होती. एपीआय (प्रोग्रॅमने सर्व्हरशी बोलायची ठरलेली रीत) बदलायचा, फाइल तशीच राहायची. २०११मध्ये आलेलं स्वॅगर, ज्याला २०१६पासून ओपनएपीआय म्हणतात, हा एपीआयचं वर्णन लिहायचा साचा म्हणजे या दुखण्यावरचा एक इलाज. पण त्यातही एपीआय एकीकडे आणि त्याचं वर्णन दुसरीकडे, ही दुफळी पुरती मिटली नाही. दोन्ही जुळलेली ठेवणं हे कुणाचं तरी काम होऊन बसलं, आणि असं काम शेवटी कुणाकडे जातं हे ऑफिसात वर्षभर काढलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

फेसबुकमध्ये २०१२ साली अडचण वेगळी होती. त्यांचं मोबाइल अ‍ॅप म्हणजे आतून वेबसाइटच होती, आणि न्यूज फीड सर्व्हरवरून तयार एचटीएमएल होऊन यायची. आयफोनसाठी खरंखुरं नेटिव्ह (खास त्या फोनसाठी लिहिलेलं) अ‍ॅप करायचं ठरलं, तेव्हा फीडची माहिती एचटीएमएलमधून सोडवून कच्च्या रूपात पाठवणं भाग पडलं. एका पोस्टमध्ये लिहिणारा, त्याचा फोटो, कमेंट, कमेंट लिहिणारे, त्यांचे फोटो असं एकात एक. रेस्टने मागायचं तर फेऱ्यांवर फेऱ्या. एफक्यूएल ही एसक्यूएलच्या वळणाची त्यांची स्वतःची भाषा होती, तिच्यात मागायचं तर टेबलं जोडत बसा. निक श्रॉक यांनी फेब्रुवारीत सुपरग्राफ नावाचा एक नमुना केला. ली बायरन आणि डॅन शेफर त्यांना येऊन मिळाले, आणि त्याच ऑगस्टमध्ये नवं आयफोन अ‍ॅप ग्राफक्यूएलवर चालू लागलं. बाहेरच्या जगाला हे कळलं जानेवारी २०१५मध्ये, रिअ‍ॅक्ट या फेसबुकच्याच जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या परिषदेत. जुलैमध्ये स्पेसिफिकेशनचा मसुदा आणि सोबत जावास्क्रिप्टमधली संदर्भ लायब्ररी खुली झाली. तीच ग्राफक्यूएल-जेएस.

आमच्या विषयाला इथूनच सुरुवात होते. एकच लायब्ररी नमुना म्हणून मिळाल्यामुळे तिच्या टाइप विभागातली नावं पुढे सगळीकडे पसरली. पायथनची ग्राफक्यूएल-कोअर तर तिचं सरळ भाषांतर आहे. ऑब्जेक्ट टाइप (फील्ड म्हणजे माहितीचे रकाने असलेला), इंटरफेस (सामाईक फील्ड), युनियन (अनेक टाइपपैकी एक), इनम (ठरावीक किमतींची यादी), इनपुट ऑब्जेक्ट (सर्व्हरला पाठवायचा), स्केलर (आकडा किंवा मजकुरासारखी एकच साधी किंमत), आणि या सगळ्यांना गुंडाळणारे लिस्ट (यादी) आणि नॉन-नल (नल म्हणजे रिकामं चालणार नाही) हे दोन. संपला टाइप विभाग. ही यादी एका दुपारी पाठ होते. ती वापरताना काय काय घडतं हे मात्र एका दुपारीत सांगून होत नाही.

पूर्णांकाचा इंट घ्या. ग्राफक्यूएलचा इंट ३२ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७. सगळ्या प्रोग्रॅमिंग भाषांना आणि माहिती नेणाऱ्या पद्धतींना यापेक्षा मोठा पूर्णांक न बिघडवता नेता येईलच असं नाही, म्हणून स्पेसिफिकेशनने मर्यादा इथे घातली. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण आपला दहा आकडी मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतो, म्हणजे एकही नंबर त्यात मावत नाही. (नंबर हा आकडा नव्हेच, त्याची बेरीज कुणी करत नाही, ते वेगळं.) पैशाचं पाहा. व्यवहार पैशांत साठवायची चांगली सवय पाळली, तर इंट सव्वादोन कोटी रुपयांच्या आतच संपतो. मुंबईतल्या फ्लॅटची किंमत त्यात बसवायची म्हणजे कुठल्या उपनगरात शोधायचं हे आधी ठरवावं लागेल.

तारीख तर मूळ टाइपमध्ये नाहीच. मूळ स्केलर पाचच: इंट, फ्लोट, स्ट्रिंग, बूलियन आणि आयडी. तारीख ज्याची त्याने करून घ्यायची, आणि ज्याने त्याने ती आपापल्या तऱ्हेने करून घेतली. ऑक्टोबर २०२१च्या आवृत्तीत एक सोय आली. आपण केलेल्या स्केलरचे नियम कुठे लिहिले आहेत, त्याचा पत्ता टाइपवरच टाकता येतो. आम्ही वेळेसाठी स्वतःचा स्केलर केला, त्याला कारण शेवटची कर्जत. मध्यरात्र उलटल्यावर सीएसएमटीहून सुटणारी ती गाडी तारखेने उद्याची, पण प्रवाशाच्या लेखी आजचीच. सार्वजनिक वाहतुकीच्या वेळापत्रकांसाठी जगभर वापरला जाणारा जीटीएफएस हा साचा यावर झकास तोड काढतो: त्यात २४च्या पुढचे तास चालतात, म्हणजे रात्रीचे साडेबारा २४:३० असे लिहायचे. आम्ही तेच उचललं. पण स्केलरच्या वर्णनात हे लिहायचं राहून गेलं, आणि तीन महिन्यांनी आमच्यातल्याच एकाने २४:३० ही चूक समजून ‘दुरुस्त’ केली.

वर्णन हा शब्द आला, तर त्याचीही गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्या मते ग्राफक्यूएलचं वेगळेपण क्वेरीपेक्षा इथे जास्त आहे. वर्णन ही टाइपला वरून चिकटवलेली चिठ्ठी नाही, ते टाइपचाच भाग आहे. लायब्ररीत कुठलाही टाइप बनवताना नाव देता तिथेच वर्णन देता येतं. सर्व्हर चालू असताना दोन अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या खास फील्डमधून स्कीमालाच विचारता येतं की तुझ्यात काय काय आहे, आणि उत्तरात टाइपसोबत त्याचं वर्णनही येतं. ग्राफिक्यूएल या क्वेरी लिहून पाहायच्या साधनाच्या बाजूच्या पट्टीत दिसणारं डॉक्युमेंटेशन असं थेट सर्व्हरकडून आलेलं असतं, वेगळी वर्ड फाइल नसते. बरेच जण सुरक्षेच्या नावाखाली चालू सर्व्हरवर ही विचारपूस बंद करतात. कारण पटण्यासारखं असेलही, पण डॉक्युमेंटेशनही त्याबरोबर गुडुप होतं.

स्कीमा लिहायची वेगळी भाषा आज सगळे गृहीत धरतात, पण स्पेसिफिकेशनमध्ये तिला रीतसर जागा मिळाली जून २०१८च्या आवृत्तीत. तोवर ती उदाहरणं देण्यापुरती सोय होती आणि वर्णन लिहायला हॅशने सुरू होणारी कमेंट वापरायचे. कमेंट म्हणजे यंत्राने वगळायचा मजकूर, आणि इथे तर यंत्राने तोच वाचायचा! २०१८मध्ये वर्णन अवतरणचिन्हांतली स्ट्रिंग झालं, लांब मजकुराला तिहेरी अवतरणं आली. जुनी कमेंटची पद्धत ग्राफक्यूएल-जेएसच्या १६व्या आवृत्तीत, २०२१ला, काढून टाकली. त्याच आवृत्तीत लायब्ररीचा स्वतःचा कोड फ्लोमधून टाइपस्क्रिप्टमध्ये आला (दोन्ही जावास्क्रिप्टला टाइप जोडणाऱ्या). त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांतल्या फंक्शनच्या सह्या (फंक्शन काय घेतं, काय देतं) आणि आजचा कोड ताडून पाहताना डोकं गरगरतं. आमच्या मराठी मसुद्याची पहिली आठ पानं याच पायी नव्याने लिहावी लागली.

लायब्ररीत अजून एक जागा आहे जिथे नवीन मुलं हमखास अडतात. गाडीला स्थानकं असतात, स्थानकाला गाड्या. गाडीचा टाइप लिहिताना स्थानकाचा टाइप हवा, आणि तो तर खाली अजून लिहायचाय. म्हणून फील्ड थेट न देता, फील्ड परत करणारं फंक्शन देता येतं. लायब्ररी ते लगेच चालवत नाही, दोन्ही टाइप तयार झाल्यावर चालवते. हे एवढं एक वाक्य आधी मिळालं असतं, तर माझा २०१९मधला एक अख्खा शनिवार वाचला असता.

मग दादर पुन्हा आलं. ९ डिसेंबर २०२३पासून दादरचे प्लॅटफॉर्म सलग १ ते १४ झाले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले, मध्य रेल्वेचे ८पासून पुढे. त्याआधी दोन्हीकडे एक नंबर होता, आणि ‘दादरला एक नंबरवर भेट’ म्हणणाऱ्याला ‘कुठल्या?’ हा प्रश्न ठरलेला. आमच्या स्कीमात हा क्रमांक इंट होता. खरं तर ती ओळखखूण होती, आयडीची जागा. ग्राफक्यूएलची रीत अशी की एपीआयची नवी आवृत्ती काढायची नाही. नवं फील्ड शेजारी आणायचं आणि जुन्यावर ‘डेप्रिकेटेड’ असा शेरा मारून कारण लिहायचं. हा शेरा आधी फील्ड आणि इनमच्या किमतींनाच लागायचा. इनपुट फील्ड आणि आर्ग्युमेंट (मागताना सोबत द्यायची किंमत) यांसाठी स्पेसिफिकेशनमध्ये तो आला सप्टेंबर २०२५च्या आवृत्तीत.

आणि नल. संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६५मध्ये नल रेफरन्स (कशाकडेच न नेणारा संदर्भ) आणला आणि २००९मध्ये त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी ग्राफक्यूएलमध्ये प्रत्येक फील्ड मुळात नल होऊ शकतं, उद्गारचिन्ह लावलं तरच नॉन-नल. विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे ती: डेटाबेस पडेल, परवानगी नसेल, एखादी सेवा उत्तर देणार नाही, म्हणून सगळं उत्तर बुडवायचं नाही. नॉन-नल फील्ड कोसळलं तर ते आपल्या वरच्यालाही घेऊन पडतं, आणि ही पडझड नल चालणारं फील्ड लागेपर्यंत वर वर जाते. उत्साहाच्या भरात सगळीकडे उद्गारचिन्हं लावलेल्या स्कीमात एका स्थानकाचा प्लॅटफॉर्म मिळाला नाही म्हणून अख्खं वेळापत्रक कोरं आलेलं मी पाहिलंय. आमचंच होतं.

पण नल चालेल एवढंच टाइप सांगतो, नल का आला ते सांगत नाही. नळाला पाणी नाही म्हणजे पालिकेने सोडलं नाही, सोसायटीची टाकी रिकामी, की वॉचमनने व्हॉल्व्ह बंद केलाय? नळ बघून कळत नाही. गेल्या महिन्यात नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, ‘ताई, प्लॅटफॉर्म रिकामा म्हणजे गाडी कॅन्सल का?’ आम्ही चौघांनी चार वेगळी उत्तरं दिली.

त्या फील्डचं वर्णन आता असं आहे: ‘इंडिकेटरवर दाखवला जाणारा प्लॅटफॉर्म. दादरसाठी ९ डिसेंबर २०२३नंतरचे क्रमांक. रिकामा असेल तर अजून जाहीर झालेला नाही असं समजावं. गाडी रद्द आहे का, हे स्थिती या फील्डमध्ये पाहावं.’ मराठीत आहे. ग्राफिक्यूएलच्या पट्टीत नीट दिसतं, फक्त जोडाक्षरांची उंची वरच्या ओळीला जरा घासते.