कडक शाळा आणि सुरक्षित शाळा

नागपुरात प्रवेशाच्या दिवसांत पालक हमखास विचारतात, ‘शाळा कडक आहे ना?’ कडक असली की पोट्टे एकमेकांना छळणार नाहीत, असा हिशेब. सहावी ते आठवीच्या वयात तो चुकतो. शिस्त म्हणजे शाळेच्या वातावरणाचा अर्धाच भाग.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल आणि सहकाऱ्यांनी हे दोन भाग वेगळे मोजले: नियम कडक पण सगळ्यांना सारखे आहेत का, आणि अडचणीत मुलं शिक्षकांकडे जातात का. दोन्ही होतं तिथे दादागिरी कमी आढळली.

नुसत्या कडक शाळेत दादागिरी जागा बदलते. वर्गात सामसूम, पण मार्चच्या उन्हात वॉटर कूलरपाशी एकाच पोराला दर वेळी रांगेबाहेर ढकललं जातं, कोंबून भरलेल्या ऑटोत त्याच्याच बॅगेवर पाय. मॉनिटरचंही तसंच. बडबडणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा अधिकार त्याला दिला, की नावडत्याचं नाव रोज वर चढतं आणि सर त्यालाच उभं करतात. म्हणजे छळाला शाळेचाच शिक्का!

भांडण आणि दादागिरी यांतही घोळ होतो. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांच्या दादागिरी ओळखायच्या कसोट्या तीन: त्रास मुद्दाम दिलेला, वारंवार होणारा, आणि दोघांचं बळ असमान. म्हणूनच दोघांना समोरासमोर उभं करून ‘हात मिळवा’ म्हणणं भांडणाला चालतं, दादागिरीत उलटतं. दुबळ्याला शाळा सुटल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. आधी दोघांशी वेगवेगळं बोला, पाहणाऱ्यांना विचारा, आठवड्याने त्रास झालेल्या मुलाला पुन्हा गाठा. हे शेवटचं बहुतेक शाळा विसरतात.

पाहणाऱ्यांना विचारायचं कारण आहे. कॅनडातल्या 2001 च्या एका निरीक्षणात दादागिरीच्या 88 टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली फक्त 19 टक्क्यांत. पण ती पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. मध्ये पडणाऱ्याला ‘तुला काय करायचं बे?’ ऐकावं लागतं आणि सरही पाठीशी राहत नाहीत, तिथे कोण तोंड उघडेल?

आपली शाळा नुसती कडक की सुरक्षितही, हे एका तासिकेत कळतं. शाळेचा साधा नकाशा वाटा. नाव न लिहिता, भीती वाटते तिथे लाल फुली मारायला सांगा. खाली दोनच प्रश्न: गेल्या दोन महिन्यांत किती वेळा त्रास झाला, आणि सांगितलंस तर कोणाला. महिन्यातून दोन-तीनदा किंवा जास्त असेल, तर ती दादागिरी धरतात. फुल्या जिन्यामागे आणि स्वच्छतागृहापाशी दाटल्या, तर मधल्या सुट्टीची शिक्षकांची ड्यूटी तिकडे हलवा. दुसऱ्या प्रश्नाला ‘कोणालाच नाही’ जास्त आलं, तर ड्यूटी वाढवून भागणार नाही. आणि तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी असेल, तर आधी ती हलवा. चिठ्ठी टाकताना सगळी शाळा पाहते.