पिवळी लघवी आणि किडनीतली मिठाची मोटार

परवा काकांचा फोन आला, "लघवी पिवळीजर्द होतीय रे, किडनी गेली का काय?" आता आमच्या लातूरकडचा मे महिना, दिवसभर शेतात, आणि पाणी प्यायले असतील दोन तांबे. म्हणलं काका, उलट आहे, किडनी झकास चालू आहे म्हणूनच पिवळी होतीय. पण तोवर त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून 'किडनी साफ करणारा' काढा आणून ठेवलेला. किडनी म्हणजे काय हौद आहे का, वर्षातून एकदा घासून काढायला?

शाळेत शिकवतात किडनी म्हणजे गाळणी. अर्धंच खरंय ते. दोन्ही किडन्यांत मिळून साधारण २० लाख नेफ्रॉन (म्हणजे बारीक गाळणी आणि तिला जोडलेली नळी) असतात आणि दिवसाला जवळपास १८० लिटर पाणी रक्तातून गाळून नळ्यांत येतं, त्यासोबत दीड किलोच्या आसपास मीठ! दिवाळीच्या साफसफाईला सगळं घर अंगणात काढतो आणि लागतंय तेवढं परत आत नेतो, तसला प्रकार. नळीच्या पहिल्याच भागात दोन तृतीयांश पाणी, मीठ आणि जवळजवळ सगळी साखर परत रक्तात जाते. शेवटी बाहेर पडतं ते दीडेक लिटर.

आता माझ्या आवडीची गोष्ट. पाणी ओढणारी मोटार शरीरात कुठंच नाही. मोटार आहे ती मिठाची, नळीच्या भिंतीतल्या पेशीतून ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत असा तिचा हिशोब. पाणी मिठाच्या मागं आपोआप जातं, कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसंच. म्हणजे लघवीतून पाणी काढून घ्यायचं तर नळीच्या बाहेर खारट जागा पाहिजे, ती आणायची कुठून?

त्यासाठी नळी किडनीत खोल उतरते, यू टर्न घेते आणि वर येते. याकोब हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञानं १८६२ साली हे वळण दाखवलं, पण ते कशाला आहे हे ८० वर्षं कळलं नाही, मग १९४२ मध्ये वेर्नर कुन नावाच्या रसायनवाल्यानं गणित मांडलं. उतरणाऱ्या बाजूतून पाणी बाहेर जाऊ शकतं. चढणाऱ्या बाजूतून पाणी अजिबात जात नाही, तिथं फक्त मीठ बाहेर फेकलं जातं. बाहेर खारट झालं की उतरणाऱ्या बाजूतलं पाणी बाहेर येतं, आतलं घट्ट होतं, तेच घट्ट पाणी वळून चढणीला लागतं, आणि मोटारीला आता आधीच खारट माल मिळतो, त्यातून ती आणखी मीठ बाहेर टाकते, की परत तेच. एका पातळीवर फरक २०० चाच (मिलिऑस्मोल, खारटपणा मोजायचं माप), पण साचत साचत वर ३०० असलेला खारटपणा तळाशी १२०० होतो (युरियाचाही मोठा हातभार असतो, ती भानगड इथं काढत नाही). डोकं गरगरलं असेल तर कागदावर यू काढून बघा.

शेवटची नळी याच खारट भागातून खाली जाते. पाणी कमी पडलं की मेंदूतून एडीएच हार्मोन येतं, नळीच्या भिंतीत ॲक्वापोरिन नावाचे पाण्याचे दरवाजे बसतात आणि पाणी परत अंगात. या दरवाजांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं. दारू हेच हार्मोन दाबते, म्हणून पिणाऱ्याला सारखं जावं लागतं. आणि पायाला सूज आली की डॉक्टर लघवीची जी गोळी देतात ना, फ्युरोसेमाइड, ती चढणीवरचं मीठ ओढणंच अडवते.

तर काकांची लघवी पिवळी, कारण रंग तेवढाच, पाणी कमी. दोन-चार तांबे जास्त प्यायले की फिकी होईल. लाल किंवा कोऱ्या चहासारखी झाली तर मात्र डॉक्टरकडंच जायचं. आणि किडनी खरंच थकायला लागली की बऱ्याचदा हे घट्ट करायचं कसबच आधी जातं, रात्री तीन-तीनदा उठावं लागतं, आणि लघवी दिसते कशी, तर पाण्यासारखी स्वच्छ.