लिंबूटिंबूला पटावर घेताना

शनिवारी रात्री घरात सापशिडीचा डाव मांडला जातो आणि चार वर्षांच्या मुलाला लिंबूटिंबू म्हणून मांडीवर घेतलं जातं. फासा त्याने टाकायचा, सोंगटी मात्र आजोबांनी सरकवायची. हे टाळायला हवं, कारण मूल शिकतं ते सोंगटी सरकवतानाच.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना १ ते १० आकड्यांच्या सरळ पट्टीवर खेळवलं. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, बस्स. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांची संख्यांची जाण स्पष्ट सुधारलेली दिसली. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीवर खेळलेल्या मुलांत ती सुधारणा नव्हती. सरळ पट्टीवर आकडा जितका मोठा, तितकं अंतर लांब, तितक्या उड्या जास्त आणि तितके शब्दही जास्त. डोळा, हात आणि कान मुलाला एकच गोष्ट सांगत असतात.

अशी पट्टी घरी करायला दहा मिनिटं पुरतात. ५० सेंमी लांब पुठ्ठ्यावर ५ सेंमीची दहा घरं आखा आणि डावीकडून उजवीकडे आकडे लिहा. फाशाऐवजी एक नाणं घ्या. एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला २ लिहिलेला कागद चिकटवा. सात-आठ दानांत डाव संपतो. पंधरा मिनिटांत तीन-चार डाव होतात, त्यामुळे एका हरण्याचं ओझं राहत नाही.

आता खरी मेख. सोंगटी ५ वर आहे आणि दान दोनचं पडलं, तर मुलाने ‘एक, दोन’ न म्हणता ‘सहा, सात’ म्हणायचं. शंभर घरांच्या पटावर सीगलर यांनीच एलिडा लास्की यांच्यासह ही तुलना केली: घरातला आकडा म्हणत पुढे जाणाऱ्या मुलांना फायदा झाला, दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांना झाला नाही. सुरुवातीला बहुतेक मुलं सोंगटी उभी असलेलं घरच पहिलं धरतात आणि एक घर मागे राहतात. अशा वेळी ‘चुकलं’ म्हणू नका. सोंगटी उचलायला सांगा आणि ती टेकल्यावरच आकडा म्हणायचा असा नियम करा.

पट्टी जमली की सापशिडी. तिथे दोन अडचणी हमखास येतात. दहाच्या पुढे ओळ उलटी वळते आणि मूल पुन्हा डावीकडून सुरू करतं. प्रत्येक ओळीच्या टोकाला बाण काढला की हे थांबतं. दुसरी अडचण आपल्या आकड्यांची. पस्तीस म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना तीन. एकोणचाळीस तर चाळिसाचं नाव घेऊन तिशीत बसतो. म्हणून काही दिवस दोन्ही म्हणा: ‘तीस पाच, पस्तीस’. बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या गणितात आणलेली ‘वीस एक, वीस दोन’ ही पद्धत इथे फार उपयोगी पडते.

सहा-सात वर्षांच्या मुलाला अष्टा-चंगा हा कवड्या किंवा चिंचोक्यांनी खेळायचा पटावरचा खेळ शिकवावा. चिंचोके घासून चार अर्ध्या बिया करा. पांढऱ्या बाजू वर येतील तेवढं दान. एकही आली नाही तर अष्टा, म्हणजे आठ. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर सोळा शक्यतांपैकी दोनचं दान सहांत येतं, एक आणि तीन प्रत्येकी चारांत, चार आणि अष्टा एकेकात. घासलेली बी इतकी समतोल नसते, तेव्हा मुलाला पन्नास दानांची नोंद कागदावर रेघा ओढून करू द्या. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर चिंचोके आणि कवड्या त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात.

मुद्दाम हरू नका. सहा वर्षांच्या मुलाला ते कळतं. त्यापेक्षा सवलत उघड द्या: त्याने दोन सोंगट्या घरी न्यायच्या, मोठ्यांनी चार. तो सलग जिंकायला लागला की त्याची तिसरी सोंगटी पटावर आणा.