जुनी कॅटमरान घेण्याआधी

कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी ऑल्टर यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी फोम आणि फायबरग्लासचं तेच तंत्र वापरून वाळूवरून थेट लाटांत ढकलता येईल अशी कॅटमरान, म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या दोन हलांची (पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ सांगाड्यांची) शिडाची होडी, बनवली. तिच्यानंतर आलेली, तिच्याहून लांब होबी १६ आजवर लाखाहून अधिक संख्येने बनली आहे. त्यामुळे अनेक देशांत शिडाची वेगवान होडी स्वस्तात हवी असली, की जुनी होबीच समोर येते. ती जरूर घ्यावी, पण तिचं बळ कुठून येतं आणि कुठे संपतं, हे आधी समजून घ्यावं.

पाच मीटर लांबीच्या जड होडीचा वेग तिने स्वतःच उठवलेल्या लाटेपाशी अडतो, साधारण ताशी दहा किलोमीटरवर. होबीचे दोन्ही हल इतके अरुंद आहेत की ही लाट फारशी उठतच नाही. चांगल्या वाऱ्यात ती याच्या दुपटीपलीकडे जाते. तिचं वजन जेमतेम १४५ किलो. स्थैर्य येतं ते २.४ मीटर रुंदीतून. कोकणातल्या होडीची उलांडी, म्हणजे बाजूला लांबवर बांधलेलं तरंगतं लाकूड, याच तत्त्वावर चालते: आधार जितका लांब, तितकी तरफ मोठी.

खरी गोम पुढे आहे. वाऱ्याकडचा हल पाण्यातून सुटतो त्या क्षणी उलटण्याला होडीचा प्रतिकार सर्वात जास्त असतो. त्यानंतर कलण्याच्या प्रत्येक अंशागणिक तो घटत जातो. तळाशी शिसं असलेली मोठी शिडाची नौका कलेल तशी जास्त जोर लावून सरळ व्हायला बघते. कॅटमरानचं उलट आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १० नॉटचा (नॉट हे वेगाचं माप) वारा १४ झाला तरी हा जोर दुप्पट होतो. म्हणून मोठ्या शिडाचा दोर पक्का अडकवून ठेवू नये. तो हातातच हवा, झटक्यासरशी सोडता येईल असा.

बाजूने वारा घेत सुसाट जाताना धोका पुढच्या टोकाला असतो. शिडाचा जोर उंचावर लागतो आणि नाळ, म्हणजे हलचं पुढचं टोक, खाली दाबली जाते. वाऱ्याच्या पलीकडच्या हलची नाळ बुडली की पाणी तिला धरून ठेवतं आणि होडी पुढच्या पुढे कोलांटी घेते. होडीवरच्या दोघांनीही मागे सरकावं, दोर ढिला करावा.

वाऱ्याला तोंड देऊन वळताना मात्र ती रुसते. अंगात वजन नाही, त्यामुळे गती लगेच मरते. पुढचं छोटं शीड क्षणभर उलट्या बाजूला भरू द्यायचं, म्हणजे ते नाळेला पलीकडे ढकलतं.

विकत घेताना रंग बघू नका. डेकवर, म्हणजे हलच्या वरच्या बाजूवर, विशेषतः डोलकाठीच्या पुढच्या भागात, अंगठ्याने दाबत चला. तिथे मऊ लागलं तर फोम आणि फायबरग्लास सुटलेले आहेत. हलची ताकद त्यांच्या चिकटून राहण्यातच असते. बंद हलमधली हवा उन्हात फुगते आणि हे थर सुटायला मदत करते. म्हणून किनाऱ्यावर ठेवताना मागची बुचं काढून ठेवतात. गळती शोधायला सांध्यांवर साबणाचा फेस लावून हलमध्ये अगदी हलकी हवा भरावी. कॉम्प्रेसर वापरू नये, त्याने चांगला हलही फाटेल. डोलकाठी तीन तारांवर उभी असते. टोकाशी एक जरी बारीक तार तुटलेली दिसली, तरी किमतीत नव्या तारांचा खर्च धराच. ट्रँपोलीनची (दोन हलांमध्ये ताणलेल्या, बसायच्या कापडाची) शिवण ओढून पाहा, उन्हाने धागा आधी जातो.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: सोबत कोण येणार? उलटलेली होबी सरळ करताना नाळ वाऱ्याकडे वळवून, दोर धरून मागे लोंबकळावं लागतं. हलक्या अंगाच्या एकट्या माणसाला ती बहुधा दाद देत नाही.

डोलकाठी आठ मीटर उंच, ॲल्युमिनियमची. विजेच्या तारांना ती लागून माणसं दगावल्यावर नंतरच्या होड्यांना वरचं टोक वीज न वाहणारं बसवलं गेलं. जुन्या होडीला ते नसेल, तर ते बसवून घ्या. असलं तरी ती उभी करण्याआधी वर बघा, आणि उभ्या डोलकाठीनिशी होडी ढकलत रस्ता ओलांडू नका.