आरोग्यविमा : स्वीकारातील अडथळे व रुग्णशिक्षण

आरोग्यविमा उपलब्ध असूनही, प्रसंगी विनामूल्य असूनही, बरेच लोक तो घेत नाहीत, किंवा घेऊन पुढे मोडीत काढतात. यामागची कारणे आणि ती दूर करण्यासाठी रुग्णाला व विमेदाराला दिली जाणारी समज, हा या नोंदीचा विषय आहे. सक्तीच्या विम्यात हा प्रश्न बराच सौम्य असतो. जर्मनीत १८८३ मध्ये बिस्मार्कच्या काळात झालेल्या आजारविमा कायद्यात कामगाराची वर्गणी मजुरीतूनच कापली जाई; विमा घ्यावा की नाही, हा निर्णय त्याच्यावर सोडलेलाच नव्हता.

ऐच्छिक विम्यात पहिली अडचण हप्त्याची. तो आज भरायचा आणि त्याचा उपयोग कधी होईल, होईल की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. कमाई रोजची किंवा हंगामी असेल तर वर्षाची रक्कम एकदम काढणे आणखी जड जाते. यातून धडधाकट माणसे बाहेर राहतात, आजारी तेवढी आत येतात आणि हप्ता वाढतच जातो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या गाजलेल्या लेखात वृद्धांना विमा मिळणे का अवघड जाते, हे याच आधारे मांडले होते.

अविश्वासाचा अडथळा मात्र आकड्यांत सहज दिसत नाही. प्रतीक्षा काळ (विमा घेतल्यानंतरचा, ज्यात काही दावे मान्य होत नाहीत असा काळ) संपलेला नव्हता, आजार आधीपासूनचा होता, रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत नव्हते, अशा कारणांनी एखाद्याचा दावा फेटाळला जातो आणि ती बातमी नात्यागोत्यात पसरते. फेटाळणे नियमाला धरून असले तरी ऐकणाऱ्याला ती फसवणूकच वाटते. कारण ती अट विकताना कोणी समजावून सांगितलेली नसते. विक्रीवर कमिशन मिळवणाऱ्याकडून अपवादांची यादी वाचून घेण्याची अपेक्षा ठेवणे तसे भाबडेपणाचेच. पॉलिसीची भाषाही मदतीला येत नाही. अमेरिकेतील विमाधारकांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, खर्चातील स्वतःच्या वाट्याशी संबंधित चार मूलभूत संकल्पनांवरचे चारही प्रश्न बरोबर सोडवणारे फक्त १४ टक्के निघाले.

मग माहिती दिली की काम भागते का? पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे विमा नसल्यामुळे दंड भरलेल्या सुमारे ४५ लाख कुटुंबांना विम्याची माहिती देणारे पत्र पाठवण्याचे अमेरिकेच्या करखात्याने ठरवले; निधी अपुरा पडल्याने ३९ लाखांनाच ती गेली आणि वगळायची कुटुंबे यदृच्छेने निवडली गेली. त्यामुळे अनायासे एक मोठा प्रयोगच घडला. पत्र मिळालेल्यांत विमा घेण्याचे प्रमाण वाढले. मध्यमवयीनांत तर दर १,६४८ पत्रांमागे एक मृत्यू टळल्याचा अंदाज २०२१ मध्ये मांडला गेला. याउलट इंडोनेशियातील राष्ट्रीय विम्यावरच्या प्रयोगात नुसत्या माहितीचा परिणाम दिसला नाही. तात्पुरती हप्तासवलत आणि घरी येऊन नोंदणीला केलेली मदत उपयोगी पडली. तरीही अनेकांचे अर्ज सरकारी नोंदींशी ताळा न जमल्याने अडकले. फिलिपीन्समध्येही सवलत आणि माहितीपत्रकांपेक्षा अर्ज भरून देऊन तो पोचता करण्याचा परिणाम कितीतरी मोठा होता.

म्हणजे अडचण नेहमी अज्ञानाचीच असते असे नाही. पुष्कळदा ती खेटे घालण्याची, कागदपत्रांची असते. रुग्णशिक्षणाचा खरा उपयोग विमा घेतल्यानंतर अधिक जाणवतो : कोणते उपचार समाविष्ट आहेत, दाखल होण्यापूर्वी कोणाला कळवायचे, कोणती बिले जपून ठेवायची, नकार आल्यास तक्रार कुठे करायची. सांगून झाल्यावर रुग्णालाच ते आपल्या शब्दांत परत सांगायला लावण्याची पद्धत परिचारिका औषधोपचारांबाबत वापरतात. ती विम्यालाही लागू पडते. ज्याचा पहिला दावा सुरळीत पार पडतो, त्याला पुढच्या वर्षी नूतनीकरणासाठी फारसे पटवावे लागत नाही. मात्र यादीतले रुग्णालय घरापासून दिवसभराच्या अंतरावर असेल, तर कितीही समजावले तरी हप्ता भरायला माणूस तयार होत नाही, आणि त्याचे ते गणित चुकीचेही नसते.