बचत गटांच्या महासंघाला परदेशी देणगी घ्यायची आहे? एफसीआरएचा अर्ज इथे अडतो

“आम्हाला मागे परदेशी पैसा आला होता की. तेव्हा कुठे लागली परवानगी?” लोकसंचालित साधन केंद्राच्या, म्हणजे बचत गटांच्या महासंघाच्या, बैठकीत हा प्रश्न ठरलेलाच. ग्रामीण महिलांसाठीच्या ‘तेजस्विनी’ कार्यक्रमाचा पैसा इफाडचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा, होता हे खरं. पण इफाड ही संयुक्त राष्ट्रांची संस्था. तिने कर्ज दिलं ते सरकारला, आणि तुमच्यापर्यंत ते माविम, म्हणजे राज्याच्या महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत आलं. शिवाय संयुक्त राष्ट्रं आणि जागतिक बँक यांना कायदा ‘परदेशी स्रोत’ मानतच नाही. कॅनडा-आयर्लंडकडच्या क्रेडिट युनियन, म्हणजे आपल्या पतसंस्थांच्या थोरल्या बहिणी, गरीब देशांतल्या छोट्या बचत-कर्ज संस्था उभ्या राहाव्यात म्हणून मदत करतात. अशा कुणी थेट तुमच्या खात्यावर पैसे पाठवायचे म्हटलं, की २०१० चा परदेशी देणग्यांचा कायदा, म्हणजे एफसीआरए, लागू होतो. परवानगीआधी रुपयाही घ्यायचा नाही.

परदेशी गेलेल्या गावच्या मुलाने पैसे पाठवले, तरी आधी हे तपासावं लागतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या पुतण्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवले, तर ती परदेशी देणगी नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते, मग त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असो नाहीतर घरी सात-बारा असो. म्हणून आधी पासपोर्ट विचारा. अवघड वाटतं, पण विचारा.

अर्ज ऑनलाइन, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे. संस्थेला ३ वर्षं झाली असतील तर नोंदणीसाठी एफसी-३ए हा फॉर्म. संस्था नवी असेल आणि देणगीदार ठरलेला असेल तर पूर्वपरवानगीसाठी एफसी-३बी. ही परवानगी त्याच देणगीदाराच्या, तेवढ्याच रकमेला आणि त्याच कामाला मिळते. त्यामुळे देणगीदाराच्या पत्रात रक्कम आणि काम दोन्ही स्पष्ट हवं. “वी आर हॅपी टू सपोर्ट यू” एवढंच लिहिलेलं गोड पत्र कामाचं नाही. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, ३ वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, कामाचे अहवाल, पॅन, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलचा क्रमांक, हे बहुतेकांकडे असतं.

नसते ती १५ लाखांची नोंद. नोंदणीसाठी मागच्या ३ आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला दाखवावा लागतो, तोही प्रशासकीय खर्च सोडून. महासंघाच्या ताई छातीठोकपणे सांगतात, “आम्ही २ कोटींचं कर्जवाटप केलंय!” केलंय, मान्य. पण दिलेलं कर्ज म्हणजे खर्च नव्हे. ते परत येणार आहे, म्हणून ताळेबंदात ‘येणे’ बाजूला बसतं. उत्पन्न-खर्च पत्रकात त्याचा मागमूस नसतो. तिथे दिसतं ते प्रशिक्षण, मेळावे, हिशेबनीसांचं शिबिर, गटांचं लेखापरीक्षण. अनेकांनी तर हा खर्चही ‘इतर खर्च’ म्हणून एका ओळीत कोंबलेला असतो. मंत्रालयाला त्यातून काय कळणार? सीएंना आजच सांगा की कामनिहाय खाती वेगळी ठेवा. मागची ३ वर्षं नंतर दुरुस्त होत नाहीत. मूळ कामासाठी घेतलेल्या जागेचा किंवा वाहनाचा खर्च या १५ लाखांत धरता येतो, मात्र ती मालमत्ता त्याच कामाला वापरू असं हमीपत्र द्यावं लागतं.

दुसरी अडचण कार्यकारिणीची. प्रत्येक पदाधिकाऱ्याचा आधार आणि नोटरी केलेलं शपथपत्र लागतं. आधारवर माहेरचं नाव, ठरावात सासरचं, पॅनवर तिसरंच, असं अकरा जणींपैकी चौघींचं तरी असतं. अर्ज उघडण्याआधी ते एकसारखं करून घ्या. आणि ग्रामपंचायत सदस्य असलेल्या ताई? या कायद्याच्या व्याख्येत ‘विधिमंडळा’त पंचायतही येते, आणि विधिमंडळाच्या सदस्याला परदेशी देणगी घ्यायला बंदी आहे. गटात पुढे असलेली बाईच पंचायतीत निवडून येते, हे दिल्लीत कुणाला माहीत असणार! अशा ताई पदावर असतील तर अर्जाआधीच जाणकार सीएंशी बोलून तोडगा काढा.

आता ज्यावर सगळ्यांचा चेहरा उतरतो ते कलम ७. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दुसऱ्या कुणाकडेही वर्ग करता येत नाही. महासंघाने पैसे घ्यायचे आणि गावोगावच्या गटांना फिरता निधी म्हणून वाटायचे, हा प्रकल्प प्रस्तावात वाचायला छान वाटतो, पण कायद्याच्या नजरेत गट ही वेगळी ‘व्यक्ती’ आहे. प्रशिक्षण, हिशेबाचं सॉफ्टवेअर, अंकेक्षण असा खर्च महासंघाने स्वतः करायचा असेल, तरच प्रस्ताव लिहा. प्रशासकीय खर्चही २० टक्क्यांच्या आत. देणगीदाराला हे आधीच समजावून सांगा. नाहीतर त्यांना वाटतं तुम्ही टाळाटाळ करताय.

परदेशी देणगीसाठीचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच लागतं आणि त्याचा तपशील अर्जातच द्यावा लागतो. दिल्लीला जायची गरज नाही, जवळच्या शाखेतून कागद पाठवता येतात. त्यात देशी पैसा एक रुपयाही घालू नका, किमान शिल्लक राखायलाही नाही. या पैशावर मिळणारं व्याजही परदेशी देणगीच समजलं जातं.

निकालाला कायद्यात साधारण ९० दिवस लिहिले आहेत. त्या भरवशावर माणसं नेमू नका. अर्जात दिलेला ईमेल रोज उघडा. मंत्रालयाच्या शंका तिथेच येतात, आणि तो ईमेल बहुतेकदा गेल्या वर्षी सोडून गेलेल्या कॉम्प्युटरवाल्या मुलाचा असतो.

नोंदणी मिळाली की ती ५ वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६ महिन्यांत करायचा असतो, आणि निदान ४ महिने आधी करा असं मंत्रालयाने २०२५ मध्ये बजावलं आहे. ‘६ महिन्यांत’ म्हणजे मुदत संपल्यावर ६ महिने, असं वाचणारे मी पाहिलेत. मुदत संपली की खात्यातला पैसा वापरताही येत नाही. वार्षिक विवरण एफसी-४ हे ३१ डिसेंबरपर्यंत, आणि वर्षभरात दमडी आली नसेल तरी ‘शून्य’ लिहून भरावंच लागतं.